घट

कन्येचे लग्न ठरले आणि मातोश्रींच्या पेटीतील जुन्या पाटल्या बाहेर निघाल्या. त्या आटवून नव्या घडणीचे दागिने करावेत, असा घरच्या मंडळींचा ठराव झाला. आणि ज्यांचे आयुष्य वाङ्मय शिकविण्यात गेले त्या आमच्याकडे देखरेखीचे काम आले. कुर्डुवाडीच्या पेठेतील सोनाराने आम्हांस एका गलाईवाल्याकडे नेले. सांगली जिल्ह्यातील विटा-आटपाडीकडच्या दुष्काळी मुलखातील माणसे सोने-चांदी शुद्ध करण्याच्या या धंद्यापायी देशभर पसरली आहेत, हे आम्ही ऐकून होतो. तो धंदा जवळून पाहिला तो त्या दिवशी.

आरंभीच आम्ही मजुरीवरून घासाघीस केली आणि आटणीत घट किती धरणार, हे दोनदा विचारून घेतले. मग काम सुरू झाले. पाटल्यांत चांदी मिसळून मुशीत रस केला. तो पाण्यात ओतून त्याचे दाणे पाडले. ते दाणे नायट्रिक अम्लात टाकले. हे अम्ल चांदी-तांबे विरघळविते, सोन्यास शिवत नाही. भांड्यातून विटकरी रंगाचा धूर उसळला. भांड्यापाशी विशीतला एक तरुण तोंडास ओला रुमाल बांधून बसला होता. खोलीस खिडकी एकच.

"सर, तुम्ही बाहेर बसा. तुम्हांला सवय नाही," तो खोकत म्हणाला.

चांदी काढून घेतल्यावर उरलेले हिरवे-निळे पाणी त्याने गटारात ओतले. सोने काट्यावर चढले. घट बोलल्याप्रमाणेच निघाली, आणि आम्ही समाधानाने घरी आलो.

ते समाधान आमच्या महाविद्यालयातील रसायनशास्त्राच्या स्नेह्यांनी टिकू दिले नाही. तो धूर म्हणजे नायट्रोजनचा विषारी वायू. त्याचा खरा त्रास कित्येकदा काही तासांनी, फुप्फुसांत पाणी साचून, प्रकट होतो. पंख्याने धूर ओढून सोड्याच्या द्रावातून न्यावा आणि उंच धुराड्यातून सोडावा. वापरलेले अम्ल चुन्याने मारावे, म्हणजे तांबे तळाशी बसते. यात अवघड काही नाही, खर्च मात्र आहे.

"आणि हे तर पेठेतले. खाणीत काय चालते?" त्यांनी विचारले. टनभर दगडातून सोने निघते ते बहुधा काही ग्रॅम. ते सायनाइडच्या पाण्यात विरघळवून काढण्याची रीत १८८७ साली ग्लासगोत निघाली. त्या पाण्यात चुना पुरेसा राखावा लागतो. ते आम्ल झाले की प्राणघातक वायू सुटतो. कर्नाटकातील कोलारच्या खाणी २००१ साली बंद झाल्या. सोने केव्हाच गेले. दळलेल्या दगडाच्या टेकड्या, तीन कोटी टनांहून अधिक, तेथेच आहेत, आणि वाऱ्याच्या दिवसांत त्यांची धूळ लोकांच्या घरांत शिरते.

आम्ही घट विचारली होती ती केवळ सोन्याची. त्या तरुणाच्या छातीची आणि गटार मिळते त्या ओढ्याची घट आमच्या हिशेबात नव्हती. आणि मजुरीतून जे आम्ही कापून घेतले, ते याच खात्यातून.

दुसऱ्या दिवशी ते पैसे घेऊन आम्ही गलाईवाल्याकडे गेलो. तो हसला. "एका गिऱ्हाइकाच्या पैशांत धुराडे होत नाही, सर."

त्याचे म्हणणे खरे होते. यंदा आमच्या नात्यांत आणखी दोन लग्ने आहेत. त्या मंडळींस आम्ही एवढेच सांगून ठेवले आहे, की घट किती हे विचाराल तेव्हा धूर कोठे जातो, हेही विचारा. आणि त्याची मजुरी निराळी मोजा.