पावणं, गाव कुठलं?

आमच्या सातारा-सांगलीकडे अनोळखी माणसाला हाक मारायला एक फार सोयीचा शब्द आहे, 'पावणं'. एस.टी.त शेजारी कोणीही येऊन बसो, पहिला प्रश्न ठरलेला. "पावणं, गाव कुठलं?" गाव सांगितले की आडनाव, आडनाव सांगितले की भावकी, आणि कऱ्हाड येईपर्यंत कुठली तरी सोयरीक निघतेच. असा आपलेपणा इतरत्र सहसा भेटत नाही, हे मी अभिमानाने सांगते.

पण या शब्दात एक गोमही आहे. पाहुण्याला पहिला चहा मिळतो, बसायला चांगली खुर्ची मिळते; स्वयंपाकघरात मात्र त्याला कोणी येऊ देत नाही. आपल्या भाषेतला दुसरा शब्द पाहा, 'परदेशी'. उत्तरेकडून येऊन इकडे स्थायिक झालेल्या कित्येक घराण्यांना तो चिकटला. पिढ्या गेल्या, घरात मराठी आली, मुले मराठी शाळेत शिकली, पण आडनाव परदेशी ते परदेशीच! दार उघडायला आपण उशीर लावत नाही. उंबऱ्याच्या आत घ्यायला मात्र वेळ घेतो.

हे सारे मनात यायला कारण घडले २०१८ च्या अखेरीस. माझा पुतण्या जर्मनीत शिकायला गेला होता. तिकडच्याच मुलीशी लग्न करून तो सांगलीला परतला आणि म्हणाला, "काकू, इथं कसं राहायचं ते हिला जरा सांग ना. तुला जमेल."

मला जमेल असे त्याला का वाटले असावे? माझे माहेर साताऱ्याचे, सासर सांगलीचे. मधले अंतर सुमारे १२० किलोमीटर. पण एकवीस वर्षांची मुलगी ज्या दिवशी दुसऱ्याच्या घरात जाते त्या दिवशी ती परदेशीच जाते, यात मला शंका नाही. तिथले मिठाचे प्रमाण वेगळे, देवघराचे नियम वेगळे, हसण्याच्या आणि रुसण्याच्या जागाही वेगळ्या. साताऱ्याला आम्ही मोठ्या बहिणीला ताई म्हणायचो. सांगलीत कानडीच्या शेजारामुळे घरभर अक्का आणि अण्णा. पासपोर्ट नसला तरी हे देशांतरच. आपल्याकडची प्रत्येक सून या विषयातली जाणकार असते; तिला कोणी विचारत नाही, इतकेच.

तर मी एक वही घेतली आणि लिहू लागले.

सरकारी कागदांचे पान पुतण्यानेच भरले होते. १८० दिवसांहून अधिक मुदतीचा व्हिसा असेल तर आल्यापासून १४ दिवसांच्या आत नोंदणी करायची. अर्ज हल्ली घरबसल्या संगणकावरून होतो. जिल्ह्यात हे काम पोलीस अधीक्षकांच्या कचेरीकडे असते. आधार कार्ड हवे तर मागच्या वर्षभरात १८२ दिवस इथे राहिलेले असावे लागते. भारतीयाशी लग्न झालेल्यांना, नोंदणी केलेल्या लग्नाला २ वर्षे पूर्ण झाल्यावर, ओसीआय कार्डासाठी अर्ज करता येतो. त्या कार्डावर राहता येते, घर घेता येते. शेतजमीन मात्र विकत घेता येत नाही. म्हणजे सांगलीत येऊन ऊस लावायचे स्वप्न असेल तर ते सोडून द्यावे. आणि आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नसल्यामुळे, भारताचे नागरिक व्हायचे तर आधीचा देश सोडावा लागतो. हे पान वाचताना ती मुलगी फार वेळ गप्प होती, एवढे माझ्या लक्षात आहे.

भाषेचे प्रकरण मात्र कचेरीत मिटणारे नव्हते. ती शब्दकोश घेऊन मराठी शिकत होती. शब्दकोशाप्रमाणे 'वाढणे' म्हणजे मोठे होणे. पहिल्याच आठवड्यात आमच्या जाऊबाई तिला म्हणाल्या, "पानं वाढायला घे." तिने केळीच्या पानांकडे असे पाहिले की ती आता तिच्या डोळ्यांदेखत मोठी होणार. पुढे पूजेच्या दिवशी गुरुजी म्हणाले, "नारळ वाढवा," तर ही कुंडी शोधू लागली! मग मी तिला समजावले की शुभकार्यात आम्ही 'फोडणे' म्हणत नाही. बांगडी फुटली तरी ती 'वाढवली' म्हणायची. निघताना 'जाते' म्हणायचे नाही, 'येते' म्हणायचे. तिने विचारले, "पण जाते तर आहेच ना?" मी म्हटले, "जाणं दिसतंच. परत येण्याचं तेवढं सांगावं लागतं."

वहीतल्या आणखी काही नोंदी देते. कोणा वाचकाच्या घरी अशी सून किंवा जावई यायचा असेल तर उपयोग होईल. 'बघू' म्हणजे बहुतेक वेळा 'नाही'. 'येतो की' यातला 'की' गोड असला तरी त्यावर विसंबून नळदुरुस्तीवाल्याची वाट पाहत बसू नये. जेवताना पहिल्या दोन 'नको' कोणी मोजत नाही. खरोखर नको असेल तर ताटावर हात आडवा धरावा. पगार किती आणि मूल कधी, हे प्रश्न येणारच. त्यात कुचेष्टा नसते. हसून त्यांच्या गुडघ्यांची चौकशी करावी. विषय आपोआप बदलतो. सातारी कंदी पेढे आणि सांगलीचे भडंग, दोन्ही आवडतात असे म्हणावे. निवड सांगू नये. उन्हाळ्यात दुपारी कोणाकडे जाऊ नये, आणि पावसाळ्यात 'पाणी किती फुटांवर?' असे कोणी विचारले तर तो कृष्णेच्या आयर्विन पुलाचा आकडा आहे हे ओळखावे.

याहून मोठी शिकवण आपल्याच दोन जिल्ह्यांत पडलेली आहे. फलटणला जा. मॅक्सीन बर्नसन या अमेरिकन विदुषी १९६६ साली तिथे भाषेच्या अभ्यासासाठी आल्या. त्यांनी अभ्यासाला घेतली ती पुस्तकातली मराठी नव्हे, तर फलटणच्या निरनिराळ्या थरांतली माणसे प्रत्यक्ष बोलतात ती मराठी. पुढे त्या तिथल्याच झाल्या, १९७८ साली भारताच्या नागरिक झाल्या. १९८६ साली त्यांनी फलटणमध्ये मुलांची शाळा काढली, कमला निंबकर बालभवन. ज्यांचे नाव शाळेला दिले त्या कमलाबाईही जन्माने अमेरिकनच, माहेरच्या एलिझाबेथ लुंडी. त्यांनी १९५० साली मुंबईत व्यवसायोपचाराचे शिक्षण देणारी संस्था सुरू केली होती. आणि बर्नसनबाईंना फलटण काय म्हणते? मॅक्सीनमावशी! नागरिकत्वाचा दाखला दिल्लीचे सरकार देते. 'मावशी' हा दाखला गल्ली देते, आणि तो मिळायला जास्त वर्षे लागतात.

सांगली जिल्ह्यात वाळवा तालुक्यात कासेगाव आहे. गेल ऑम्वेट मूळच्या अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहराच्या. महात्मा फुल्यांपासून सुरू झालेल्या ब्राह्मणेतर चळवळीवर प्रबंध लिहायला त्या महाराष्ट्रात आल्या, आणि भारत पाटणकरांशी लग्न करून कासेगावच्या झाल्या. १९८३ साली त्यांनी भारताचे नागरिकत्व घेतले. स्त्रियांच्या, शेतकऱ्यांच्या, दलितांच्या प्रश्नांवर त्या लिहीत राहिल्या आणि मोर्चांत चालतही राहिल्या. २०२१ च्या ऑगस्टमध्ये त्या वारल्या, त्याही कासेगावातच. त्यांच्या मतांशी कोणाचे जमो न जमो, त्या कुठल्या हे विचारण्याचे कारण कोणाला उरले नव्हते.

आणि मिरज? डॉ. विल्यम वानलेस जन्माने कॅनडाचे. अमेरिकन मिशनतर्फे आले. १८९४ साली त्यांचे रुग्णालय मिरजेत सुरू झाले आणि पुढे लांबलांबून रोगी बैलगाडीने, आगगाडीने मिरजेला येऊ लागले. सांगली-मिरज रस्त्यावरची वानलेसवाडी सर्वांना ठाऊक आहे. परक्या आडनावाला 'वाडी' हा शब्द जोडून टाकावा, याहून घरगुती सन्मान तो कोणता!

या साऱ्यांत मला एक समान धागा दिसतो. यांपैकी कोणी पाहुणचार घेत बसले नाही. प्रत्येकाने इथले एकेक काम अंगावर घेतले, आणि इथल्या माणसांनी ते घेऊ दिले. हे दुसरे अधिक अवघड असते.

आमच्याच घरात ते दिसत होते. मुलगी गुणी होती, पण तिला कोणी कपही उचलू देत नव्हते. "अगं राहू दे, तू बस!" हे वाक्य ती दिवसातून वीस वेळा ऐकत होती. शेजारणी तिच्याशी मोडक्या इंग्रजीत बोलत, तिचे मराठी ऐकून टाळ्या वाजवीत आणि पुन्हा इंग्रजीकडे वळत. मी जाऊबाईंना दोनदा म्हटले, की अहो, तिला पोळ्या लाटू द्या, वाकड्या झाल्या तर आपण खाऊ. त्या म्हणाल्या, "परक्या देशातून आलेली पोर, तिला कसं कामाला लावायचं?" माया खरी होती, पण त्या मायेने पोर सुकत चालली होती. पुतण्याने एकदा खालच्या आवाजात सांगितले, सप्टेंबरचे तिकीट काढले आहे, बहुधा एकतर्फीच.

मग २०१९ चा ऑगस्ट आला. कृष्णा चढत गेली, आयर्विन पुलाचा आकडा ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ५७ फुटांवर गेला. गावभागातल्या आमच्या घरात पाणी शिरले आणि आम्ही सारे विश्रामबागेत एका नातलगांकडे गेलो. तीन खोल्यांत सत्तावीस माणसे! वीज नाही, प्यायच्या पाण्याची मारामार. पहिले दोन दिवस तिला तिथेही खुर्ची मिळाली. तिसऱ्या दिवशी सकाळी माझ्या थोरल्या नणंदबाई, रात्रभर जागलेल्या, पीठ मळता मळता एकदम कडाडल्या, "बघत काय बसलीस गं? ते कांदे कोण चिरणार, मी?"

सारे घर गप्प झाले. ती उठली, विळीवर बसता येईना म्हणून सुरी शोधली, आणि पाच किलो कांदे चिरले. डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि ती हसत होती. दुपारी नणंदबाईंनी ओशाळून तिच्या पाठीवरून हात फिरवला. ती म्हणाली, "आत्या, उद्या पण मला रागवा."

त्या दिवसापासून "तू बस" हे वाक्य आमच्या घरात बंद झाले. पाणी ओसरल्यावर घरातला गाळ उपसायला ती आमच्याबरोबर होती. भिजलेल्या फोटोंचे अल्बम तिने एकेक पान सोडवून दोरीवर वाळत घातले. कोण कोणाचा कोण हे विचारता विचारता चार पिढ्यांची माहिती तिला झाली; ती माझ्या मुलांनाही नाही.

सप्टेंबरात ती आईला भेटायला गेली, ठरल्याप्रमाणे. कोणी अडवले नाही. दारात वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "काकू, येते."

दिवाळीच्या आधी आठ दिवस ती आली. नणंदबाई चकलीचे पीठ भिजवत होत्या. तिला पाहून त्यांनी मान वर केली आणि म्हणाल्या, "आलीस? हात धू आणि सोऱ्या घे."