अंगात ताप, गळ्यात स्टेथोस्कोप

खोकला झालेल्या मुलाला दोन दिवस शाळेत पाठवू नका, असं आयांना रोज बजावणारा डॉक्टर स्वतः खोकायला लागला की ओपीडीत येऊन बसतो. एक पॅरासिटामॉल, कपभर गरम चहा, तोंडाला मास्क, आणि पहिला पेशंट आत. गोळीने ताप उतरला म्हणून विषाणू पसरायचा थांबत नाही, हे त्याला शिकवावं लागत नाही. फ्लूची लागण लक्षणं दिसण्याच्या आदल्या दिवसापासून पुढे पाच-सात दिवस होऊ शकते, हे त्यानेच कधीतरी परीक्षेत लिहिलेलं असतं. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या बाल रुग्णालयातली एक पाहणी 2015 मध्ये प्रसिद्ध झाली. डॉक्टर आणि त्यांच्या जोडीने उपचार करणारे प्रशिक्षित कर्मचारी मिळून 536 जणांनी उत्तरं दिली. आजारपणात कामावर येण्याने रुग्णांना धोका होतो, असं 95 टक्क्यांचं मत होतं. आणि गेल्या वर्षभरात निदान एकदा तरी आजारी असताना कामावर आलो, अशी कबुली 83 टक्क्यांनी दिली. प्रश्न माहितीचा असता तर एका परिपत्रकात आणि दोन पोस्टरांत मिटला असता.

मला त्या पाहणीत कारणांचा क्रम जास्त बोलका वाटतो. सहकाऱ्यांची अडचण होऊ नये हे कारण जवळजवळ 99 टक्क्यांनी महत्त्वाचं मानलं, मनुष्यबळ कमी पडेल हे 95 टक्क्यांनी. रुग्णांना निराश करायचं नव्हतं, हे कारण त्यांच्याखाली, 92 टक्क्यांवर. आम्ही भाषणांत रुग्णसेवेचं नाव घेतो, पण तापात अंथरुणातून उठवतं ते ड्यूटी लिस्टवरचं आपल्या शेजारचं नाव. मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या वॉर्डात पाहा. युनिटचा इमर्जन्सी डे. पहिल्या वर्षाचा एक निवासी डॉक्टर आडवा झाला की त्याच्या खाटा, त्याने घ्यायची रक्तं, त्याचे कॉल उरलेल्यांत वाटले जातात. रुग्णालयाचं काही बिघडत नाही: रिपोर्ट लागतात, डिस्चार्ज कार्डं लिहिली जातात, राउंड वेळेवर होतो. रजेची किंमत मोजतो तो होस्टेलच्या खोलीतला जोडीदार, आणि तोही आधीच रात्रभर जागा असतो. म्हणून हाताच्या शिरेत सुई तशीच ठेवून दोन कॉलच्या मध्ये सलाईन लावून घेणारा निवासी डॉक्टर वॉर्डात कुणाला विचित्र वाटत नाही. सीनियर उलट त्याची पाठ थोपटतात.

नियम नाहीत असं नाही. निवासी डॉक्टरांचं काम साधारणपणे दिवसाला सलग 12 तास आणि आठवड्याला 48 तासांपलीकडे जाऊ नये, असं केंद्र सरकारने 1992 मध्येच सांगून ठेवलं आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या 2023 च्या नियमांत पदव्युत्तर विद्यार्थ्याला वर्षाला 20 दिवस भरपगारी किरकोळ रजा आहे, आठवड्याची सुट्टीही आहे. फक्त ती कामाची निकड पाहून, आणि ठरल्यापेक्षा जास्त रजा झाली तर तितके दिवस अभ्यासक्रम लांबतो. मुंबईच्या पालिका रुग्णालयांत निवासी डॉक्टरांना क्षय होणं ही जुनी बातमी आहे, आणि मार्ड या निवासी डॉक्टरांच्या संघटनेच्या मागण्यांत विद्यावेतनाच्या बरोबरीने क्षयासाठी भरपगारी रजा मागावी लागली आहे. जिथे क्षयाची रजा मागून घ्यायची, तिथे सर्दी-तापाला कोण विचारतो? या कागदांवर किती दिवस रजा आहे ते लिहिलेलं असतं. त्या दिवशी काम कोण करणार, ते नसतं. माझ्या मते सगळं दुखणं इथे आहे. बदली माणूस दिला नाही की रजा हा हक्क राहत नाही, ती सहकाऱ्याकडून घेतलेली उसनवारी होते.

हाच हिशोब नंदुरबार जिल्ह्यात आणून मांडला की जास्त बोचतो. 2011 च्या जनगणनेप्रमाणे इथली सुमारे 69 टक्के लोकसंख्या आदिवासी. अशा भागात 20,000 लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि 3,000 लोकांमागे एक उपकेंद्र, हा सरकारी निकष. केंद्रात दोन वैद्यकीय अधिकारी धरले तरी एकजण कधी जिल्ह्याच्या बैठकीला, कधी शिबिराला, कधी कोर्टात साक्षीला. शवविच्छेदन आलं तर तेही त्यांच्यातल्याच एकाने करायचं. दुसरं पद रिकामं असेल तर बोलायलाच नको. आशाताईंच्या मोबदल्यातला काही भाग कामागणिक, म्हणजे ज्या दिवशी अंथरूण धरलं त्या दिवशीचा तेवढा बुडतो. आणि समोर कोण येतं? कळसाडीसारख्या गावातून एखादी आई दिवसाची मजुरी बुडवून लेकरू घेऊन आलेली असते. डॉक्टर त्याच्या दंडाभोवती पट्टी गुंडाळतो, खूण 11.5 सेंटिमीटरच्या खाली, लाल रंगात. मग जीभ दाबून घसा बघायचा, म्हणजे डॉक्टरचं तोंड त्या मुलाच्या तोंडापासून वीतभर अंतरावर. धडधाकट पोराला चार दिवस शेंबूड आणणारा विषाणू अशा तीव्र कुपोषित मुलाला न्यूमोनियापर्यंत नेऊ शकतो. डॉक्टरची सर्दी इथे शहरापेक्षा महाग पडते, आणि ती टाळायला लागणारा जादा माणूसही नेमका इथेच नसतो.

यावर कुणीही म्हणेल, डॉक्टरच नसण्यापेक्षा शिंकणारा डॉक्टर बरा. हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही, कारण तो अर्धा खरा आहे. साप चावलेला माणूस दारात आला, बाळंतीण अडली, तर तापातल्या डॉक्टरनेही मास्क चढवून उठलं पाहिजे. पण आरोग्य केंद्राचा सगळा दिवस असा नसतो. नेहमीची बालतपासणी दोन दिवस पुढे ढकलता येते, शेजारच्या केंद्रातून माणूस मागवता येतो. अहवाल, कागदपत्रं, ई-संजीवनीवरचा सल्ला हे काम डॉक्टर खोलीत बसून करू शकतो (धडगावच्या डोंगरात रेंज मिळाली तर). मात्र कुठलं काम थांबवायचं आणि कुठलं नाही, हे आधी कुणीतरी ठरवून ठेवलेलं हवं. सकाळी कणकणलेल्या डॉक्टरनेच ते ठरवायचं म्हटलं तर तो काय ठरवणार हे सगळ्यांना ठाऊक आहे. मास्क आहे ना, असंही म्हणतात. मास्कने खोकल्याचे तुषार बरेच अडतात. जुलाब लागलेल्या डॉक्टरला त्याचा काय उपयोग? आणि तापाने जड झालेल्या डोक्याने लिहिलेला डोस मास्कमुळे दुरुस्त होत नाही. राहिली सवलतीच्या गैरवापराची भीती. थोडेजण घेतील गैरफायदा. पण दांडी मारणारा तसाही मारतोच, त्याला तापाची गरज नसते. ज्या पेशातली बहुसंख्य माणसं आजारपणातही हजर राहतात, तिथला रोग उलट दिशेचा आहे.

उरतो तो संस्काराचा आक्षेप, आणि मराठी मनाला तोच जास्त पटतो. 1897 च्या प्लेगात सावित्रीबाई फुले रोग्यांना आपल्या दत्तक मुलाच्या, डॉ. यशवंतच्या दवाखान्यात पोहोचवत राहिल्या आणि 10 मार्चला त्याच रोगाने गेल्या. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस अपस्माराचे झटके येऊ लागल्यावरही चीनमध्ये काम करत राहिले आणि 9 डिसेंबर 1942 रोजी, वयाच्या 32 व्या वर्षी वारले, व्ही. शांताराम यांनी त्यांच्यावर चित्रपट काढला तो 1946 मध्ये. ही नावं घेतली की वाद संपतो असं आपण धरून चालतो. पण सावित्रीबाईंनी रोग्याचा धोका स्वतःवर घेतला. तापातला डॉक्टर आपला धोका रोग्यावर टाकतो, तोही त्याला न विचारता. कोटणीसांच्या बाबतीत रुग्णांना काहीच धोका नव्हता असं मी म्हणणार नाही, पण युद्धभूमीवर त्यांच्या जागी कुणाला उभं करणार? ती युद्धाची लाचारी होती. शांततेच्या काळात तीच लाचारी कायम ठेवायची आणि तिला त्याग म्हणायचं, हे मला मान्य नाही.

हे जमू शकतं, याचा पुरावा करोनाने दिला. डॉक्टर पॉझिटिव्ह आला की त्याला विलगीकरणात पाठवणं सक्तीचं झालं, आणि त्याच्या जागी माणूस शोधणं ही एकाएकी प्रशासनाची डोकेदुखी बनली. ओढाताण झाली, पण आजारी माणसाला कुणी कामचुकार म्हटलं नाही. तरतूद संकटाआधी करता येते, हेही नंदुरबारला परक्याकडून शिकायचं नाही. तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड, जे स्वतः डॉक्टर आहेत, त्यांनी दुसऱ्या लाटेआधीच जिल्ह्यात ऑक्सिजन प्रकल्प उभे केले होते. तालुक्यामागे एक-दोन वैद्यकीय अधिकारी कुठल्याच केंद्राला न बांधता राखीव ठेवणं आणि वैद्यकीय महाविद्यालयांत निवासी डॉक्टरांची पदं रजा धरून मोजणं, याला ऑक्सिजन प्रकल्पाइतकी यंत्रसामग्री लागत नाही. पगार लागतो, आणि म्हणूनच ते अडतं.

तेव्हा आरोग्य केंद्रात गेल्यावर ‘डॉक्टर आजारी आहेत’ असं कळलं तर त्या डॉक्टरवर चिडू नका. आज त्याच्या जागी कोण आहे, एवढं विचारा. तिथे उत्तर मिळालं नाही तर जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाला लेखी विचारा. केंद्र त्यांच्या अखत्यारीत येतं आणि माणूस देणं हे त्यांचं काम आहे.