मांडूच्या वाटेवर थांबलेली पद्मिनी

पावसाळ्यात मांडूला जायचं तुमच्या मनात असेल, तर छत्री आणि भरपूर वेळ या दोन गोष्टी सोबत घ्या. जुन्या गाडीने जाणार असाल, तर तिसरी गोष्टही घ्या : नेलपॉलिशची बाटली. हसू नका. गेल्या ऑगस्टमध्ये आम्ही तिघी त्या बाटलीमुळेच मांडूला पोहोचलो.

तिघी म्हणजे शहात्तर वर्षांची आई, मी आणि माझी सतरा वर्षांची लेक. चौथी होती बाबांनी १९८६ साली घेतलेली पांढरी प्रीमिअर पद्मिनी. बाबा गेल्यापासून ती इंदूरच्या घरासमोर ताडपत्रीखाली उभी असते. महिन्यातून दोनदा मी तिला फिरवून आणते. भावाचं म्हणणं, दिवाळीआधी ती भंगारात द्यावी. आईने वाद घातला नाही. एवढंच म्हणाली, ‘‘देण्याआधी एकदा मांडूला जाऊन येऊ. याच गाडीने.’’

आईचं माहेर धारचं. लग्नानंतर दर पावसाळ्यात बाबा तिला माहेरी न्यायचे आणि तिथून मांडूला. त्यामुळे नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता.

इंदूर ते धार : पोहे, जिलेबी आणि हिरवा माळवा

इंदूरहून धारमार्गे मांडू साधारण शंभर किलोमीटर आहे. सकाळी पोहे-जिलेबी खाऊन निघालात, तर घाई न करता दुपारच्या जेवणाला पोहोचता. बेटमा, घाटाबिल्लोद मागे पडलं की दोन्ही बाजूंना सोयाबीनची हिरवी शेतं सुरू होतात. काळ्या मातीवर पाऊस पडला की जो वास येतो, तो गाडीच्या काचा खाली करूनच घ्यावा.

धारला थोडं थांबा. मराठी माणसाला हे गाव परकं वाटत नाही. इथे पवारांचं राज्य होतं. जुन्या वाड्यांमधून अजून मराठी ऐकू येतं. गावाबाहेरच्या लाल दगडाच्या किल्ल्यात १७७५ साली दुसऱ्या बाजीरावाचा जन्म झाला. आईने किल्ला खालूनच पाहिला. ‘‘पायऱ्या आता तुम्ही चढा, मी मोजून झाल्यात,’’ असं म्हणून ती गाडीत बसून राहिली.

इथपर्यंत गाडी छान चालली होती. म्हणजे मला तसं वाटत होतं. आईला नाही. घाटाबिल्लोदपासून ती दोनदा म्हणाली होती, ‘‘चढावर जरा मिसिंग करतेय का गं?’’ निघण्याच्या आदल्या दिवशीच मेकॅनिकला गाडी दाखवली होती. त्याने चार नवे प्लग टाकून ‘एकदम ओके’ असं सांगितलं होतं. म्हणून मी आईचं बोलणं कानाआड केलं.

नालछाच्या पुढे

धार ते मांडू हा पस्तीसेक किलोमीटरचा टप्पा सगळ्यात सुंदर आहे. नालछा गाव ओलांडलं की जुन्या कबरी, पडके घुमट शेतांमधून डोकावू लागतात. मग रस्ता दरीच्या कडेने वर जातो. पावसाळ्यात इथली काकडा खोह नावाची खोल दरी ढगांनी काठोकाठ भरलेली असते.

त्या दिवशी पाऊस इतका होता की वायपर असून नसल्यासारखे. एका सखल जागी रस्त्यावर पाणी साचलं होतं. समोरून आलेल्या ट्रकने ते पाणी थेट आमच्या बॉनेटवर उडवलं. गाडीने चार-पाच झटके खाल्ले, ‘फट्’ असा आवाज झाला आणि इंजिन बंद पडलं. उतारावर मागे जाऊ द्यायची नाही म्हणून मी हँडब्रेक ओढला. लेकीने उतरून मागच्या चाकांना दगड लावले. मोबाइलला रेंज नव्हती. दुपारचे अडीच वाजले होते. आईला इन्शुलिन सुरू आहे, त्यामुळे तिचं जेवण लांबवून चालत नाही.

सेल्फ मारला की इंजिन फिरायचं, पण सुरू व्हायचं नाही. मी पुन्हा पुन्हा किल्ली फिरवत होते. तेव्हा मागच्या सीटवरून आईचा आवाज आला, ‘‘थांब. बॅटरी उतरवशील. बॉनेट उघड आणि मला छत्री दे.’’

बाबा रस्त्यात गाडी दुरुस्त करायचे, तेव्हा तीस वर्षं आई शेजारी उभी असायची. दिवसा छत्री धरून, रात्री बॅटरी धरून. तिने कधी पाना हातात घेतला नव्हता. पण कुठल्या गोष्टीनंतर कुठली बघायची, हे तिला पाठ होतं.

ठिणगीची वाट

पुढचं थोडं नीट वाचा. पद्मिनी असो, अँबॅसडर असो किंवा पॉइंटवर चालणारी कुठलीही जुनी पेट्रोल गाडी असो, तिची वाट एकच आहे.

बॅटरीत फक्त १२ व्होल्ट असतात. तेवढ्याने प्लगमध्ये ठिणगी पडत नाही. कॉइल त्या १२ व्होल्टचे हजारो व्होल्ट करते. कधी करायचे, हे पॉइंट ठरवतात. डिस्ट्रिब्युटरच्या आत हे दोन छोटे संपर्क उघडतात आणि मिटतात. ज्या क्षणी उघडतात, त्या क्षणी कॉइल झटका देते. तो झटका मधल्या जाड वायरीने डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत येतो. टोपीखाली फिरणारा रोटर तो पाळीपाळीने चारही प्लगांच्या वायरींना वाटतो. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर चार सिलिंडरच्या गाडीत हे सगळं सेकंदाला शंभर वेळा होतं.

गाडी बंद पडली की अंदाजाने काहीतरी सोडू नका. ठिणगी कुठपर्यंत पोहोचते आणि कुठे हरवते, ते बघत जा. आईने आम्हाला तसंच करायला लावलं.

आधी पेट्रोल. ‘‘वास येतोय का?’’ आईने विचारलं. पेट्रोलचा वास येत होता. म्हणजे पेट्रोल इंजिनपर्यंत पोहोचत होतं. असा वास येत असेल तर ठिणगी बघण्याआधी पाच-दहा मिनिटं थांबा, बॉनेट उघडं ठेवा आणि कुठे गळती नाही ना, ते पाहा.

मग प्लगची वायर. एका प्लगची वायर काढली, डिकीतला जुना प्लग तिला लावला आणि त्या प्लगचा लोखंडी भाग इंजिनाच्या धातूला टेकवून ठेवला. हाताने धरायचा नाही. रबरी मुठीची कोरडी पक्कड वापरायची. हा झटका जोरदार असतो. हृदयाला पेसमेकर बसवलेल्या माणसाने तर बॉनेटजवळ उभंच राहू नये. गाडी न्यूट्रलला ठेवून लेकीने किल्ली फिरवली. ठिणगी नाही.

मग कॉइलची वायर. टोपीच्या मधोमध जाणारी जाड वायर काढली आणि तिचं टोक पक्कडीने धातूपासून पाव इंच दूर धरलं. लेकीने पुन्हा सेल्फ मारला. टक्, टक्, टक् अशी निळी ठिणगी पडली!

‘‘मग टोपीतच आहे,’’ आई म्हणाली. तिचं बरोबर होतं. कॉइलपर्यंत सगळं ठीक, प्लगपर्यंत काही नाही, म्हणजे खोट मधे. टोपीत किंवा रोटरमध्ये.

टोपीच्या दोन्ही क्लिपा काढल्या. आत दव साचावं तसं पाणी होतं. लेकीच्या ओढणीने टोपी, रोटर आणि वायरींची टोकं कोरडी केली. गाडी एका झटक्यात सुरू झाली. आम्ही टाळ्या वाजवल्या. दोन मिनिटांत तेच झटके, तोच फट् आवाज आणि गाडी पुन्हा बंद.

केसाएवढी काळी रेघ

माझा धीर सुटला होता. दूधवाल्याची मोटरसायकल थांबली. तो म्हणाला, ‘‘माताजी को मांडू छोड़ दूँ?’’ मलाही तेच शहाणपणाचं वाटलं. आईने पर्समधून दोन बिस्किटं काढून खाल्ली आणि म्हणाली, ‘‘टोपी उजेडात धर. आत रेघ आहे का बघ.’’

मोबाइलचा टॉर्च लावून पाहिलं. टोपीच्या आत दोन पितळी टोकांच्या मधे पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ होती. ओल आणि धूळ यांतून वीज वाट काढते. एकदा वाट सापडली की तिथे प्लास्टिक जळून कोळसा होतो. मग वीज आपल्या सिलिंडरला न जाता त्या रेघेवरून शेजाऱ्याकडे जाते. म्हणून चढावर गाडी मिसिंग करत होती. चढावर इंजिनावर भार येतो, ठिणगीला जास्त जोर लागतो आणि वीज सोपी वाट धरते. घाटाबिल्लोदपासून आई हेच सांगत होती. मेकॅनिकने प्लग बदलले, टोपी उघडलीच नाही. मीही त्याला विचारलं नव्हतं.

खरा उपाय म्हणजे नवी टोपी. पण ती नव्हती. बाबा काय करायचे, ते आईला आठवत होतं. चाकूच्या टोकाने ती रेघ खरवडून काढली, अगदी काळं दिसेनासं होईपर्यंत. टोपी पुसून कोरडी केली. लेकीच्या पर्समधून गुलाबी नेलपॉलिश निघालं. खरवडलेल्या जागेवर त्याचा पातळ थर दिला, वाळू दिला, मग दुसरा थर. पितळी टोकांना मात्र ते लागू द्यायचं नाही. नेलपॉलिश पेट घेतं, म्हणून ते पूर्ण वाळेपर्यंत वीस मिनिटं थांबलो. दूधवालाही थांबला. आता त्यालाही बघायचं होतं.

गाडी सुरू झाली. या वेळी सुरूच राहिली.

मांडूत

सव्वाचारला आम्ही दिल्ली दरवाजाजवळ होतो. आईला जेवू घातलं आणि नंतर रस्त्याकडेला कोळशावर भाजलेले भुट्टे घेतले. बाओबाबची झाडं तुम्ही आधी पाहिली नसतील, तर थबकाल. बुंधा पिंपासारखा, फांद्या मुळांसारख्या. इथे त्यांच्या फळाला ‘मांडू की इमली’ म्हणतात.

दुसऱ्या दिवशी सगळं निवांत पाहिलं. मुंज आणि कपूर या दोन तलावांच्या मधे उभा असलेला, शंभर मीटरहून लांब जहाज महाल पावसाळ्यात खरंच तरंगतो. तिथल्या गच्चीवर पाण्यासाठी कोरलेला गोल गोल वळणांचा दगडी पाट नक्की बघा. होशंगशाहाची संगमरवरी कबर पाहायला शाहजहानचे वास्तुकार आले होते, अशी १६५९ सालची नोंद तिथल्या दगडावर आहे. शेवटी रेवा कुंडावरून रूपमती मंडपाकडे जा. बाजबहादूर १५६१ मध्ये अकबराच्या फौजेकडून हरला, पण मांडूत अजून त्याच्या आणि रूपमतीच्याच गोष्टी सांगतात. ढग बाजूला झाले आणि खाली निमाडच्या सपाटीत नर्मदेची रेघ दिसली. आईने हात जोडले. बराच वेळ कोणी बोललं नाही.

निघण्यापूर्वी हे करा

जुन्या गाडीने पावसात जाणार असाल, तर आदल्या आठवड्यात टोपी उघडून आत रेघ किंवा तडा आहे का, ते स्वतः बघा. मधला कोळशाचा छोटा ब्रश दाबून पाहा. तो स्प्रिंगवर मागेपुढे व्हायला हवा. पॉइंट काळे पडले असतील तर पॉलिश पेपरने हलके घासा आणि त्यांची फट फिलर गेजने मेकॅनिककडून तपासून घ्या.

कॉइलच्या वायरीलाच ठिणगी नसेल, तर पॉइंट, त्यांना येणारी बारीक वायर, कंडेन्सर आणि शेवटी कॉइल या क्रमाने बघा. पॉइंट सारखे जळत असतील तर कंडेन्सरवर संशय घ्या. गाडी तापल्यावर बंद पडते आणि अर्ध्या तासाने आपोआप सुरू होते, असं असेल तर कॉइलवर.

वायरी काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या. पद्मिनीचा ठिणगीचा क्रम १-३-४-२ आहे. वायरी उलटसुलट लागल्या तर चांगली गाडीही सुरू होणार नाही. डिकीत जुना प्लग, कोरडी पक्कड, सुती फडकं, एक रोटर, एक टोपी आणि पॉइंट-कंडेन्सरचा जोड ठेवा. आणि रस्ता अरुंद असेल, अंधार पडला असेल किंवा सोबत आजारी माणूस असेल, तर दुरुस्तीचा हट्ट सोडून आधी माणसांना सुरक्षित जागी पोहोचवा.

परतताना धारला एका जुन्या दुकानात नवी टोपी मिळाली. पैसे आईने दिले, कोणालाही देऊ दिले नाहीत. भंगाराचं काय, ते अजून ठरलेलं नाही. भाऊ दिवाळीला येणार आहे, तेव्हा बोलू. तोवर दर रविवारी लेक बॉनेट उघडते आणि आई शेजारी खुर्ची टाकून बसते. आता छत्रीची गरज नसते, तरी ती हातात असते.