काउंटरपलीकडची गोळी

दरवर्षी 26 जूनला अमली पदार्थविरोधी दिन येतो आणि एनएसएसची रॅली निघते. पाऊस असतोच. पोस्टरचा रंग ओघळतो, घोषणा गेटपर्यंत टिकतात आणि मग सगळे चहाला पळतात. त्या पोस्टरांवर कवटी असते, सिरिंज असते, तुटलेली साखळी असते. (गेल्या वर्षीची कवटी मी काढली होती, दात जरा जास्त झाले.) पण मित्रांनो, एक गोष्ट मी आजवर एकाही पोस्टरवर पाहिलेली नाही. ती म्हणजे, अफू, हेरॉईन, गर्द, कोडीनचं सिरप या जातीच्या व्यसनावर औषध आहे! साधी जिभेखाली ठेवायची गोळी.

तिचं नाव ब्युप्रेनॉर्फिन. मी मेकॅनिकलची, त्यामुळे समजलं तसं सांगते. मेंदूत ज्या जागी हेरॉईन जाऊन बसतं, त्याच जागी ही गोळी बसते आणि चांगली घट्ट बसते. पण स्विच पूर्ण ऑन करत नाही, अर्धवटच करते. डोस वाढवत नेला तर एका मर्यादेनंतर परिणाम वाढायचा थांबतो. ग्राफ काढला तर आपला तो सॅच्युरेशन कर्व्ह. म्हणून हिच्यामुळे श्वास बंद पडण्याचा धोका हेरॉईनच्या मानाने खूपच कमी. अंग मोडून येणं, जुलाब, रात्रभर तळमळ, ज्याला मुंबईत रस्त्यावर 'टर्की' म्हणतात, ते सगळं थांबतं. माणूस सकाळी उठून कामाला जाऊ शकतो. दुसरं औषध मेथॅडोन, ते याहून जुनं. न्यूयॉर्कमध्ये डोल आणि नायस्वँडर या डॉक्टरांनी 1960 च्या दशकात त्याचा वापर सुरू केला.

"म्हणजे एक नशा सोडवायला दुसरी नशा?" हा प्रश्न रूममेटने विचारलाच. मला वाटतं यात थोडा दोष आपल्या भाषेचा आहे. आपण 'व्यसनमुक्ती' म्हणतो. मुक्ती म्हटलं की सगळं सुटलं पाहिजे, गोळीसुद्धा. डायबिटीसवाल्याला आपण 'साखरमुक्ती केंद्रात' पाठवत नाही, इन्सुलिन देतो. असो.

खरा घोटाळा औषधाचा नाहीच, ते मिळतं कुठे याचा आहे. अमेरिकेचं उदाहरण घ्या. तिथे 2021 या एका वर्षात ओव्हरडोसने एक लाखाहून जास्त माणसं गेली, बहुतेक ओपिऑइडमुळे. त्याच देशात मेथॅडोनची गोळी दुखण्यासाठी लिहून दिली असेल तर कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात मिळते. तीच गोळी व्यसनासाठी हवी असेल तर दुकान देऊ शकत नाही! खास क्लिनिकमध्येच जायचं, पूर्वी तर जवळजवळ रोज. अशी क्लिनिक्स सगळ्या देशात मिळून दोन हजारांच्या आसपास. ऑपरेशन्स रिसर्चमध्ये क्यूइंग थिअरी शिकताना सर म्हणाले होते, रांग फार लांब असली की गिऱ्हाईक रांगेत न लागताच निघून जातं. इथे निघून गेलेलं गिऱ्हाईक कुठे जातं ते सांगायला नको. कोविडमध्ये, 2020 च्या मार्चमध्ये, स्थिर पेशंटना 28 दिवसांपर्यंतचा डोस घरी न्यायची मुभा मिळाली. आकाश काही कोसळलं नाही, आणि 2024 मध्ये ती सवलत कायम झाली.

ब्युप्रेनॉर्फिनची गोष्टही तशीच. ते दुकानात मिळायचं, पण लिहून द्यायला डॉक्टरला आठ तासांचं ट्रेनिंग आणि वेगळी परवानगी लागायची. वर सुरुवातीला एका डॉक्टरला तीसच पेशंटची मर्यादा. गंमत बघा, ज्या गोळ्यांनी ही साथ सुरू झाली त्या लिहायला अशी कुठलीच अट नव्हती. ती वेगळी परवानगी 2022 च्या डिसेंबरअखेर एकदाची रद्द झाली.

मला सगळ्यात आवडला तो ऱ्होड आयलंड या छोट्याशा राज्यातला प्रयोग. त्याचे निष्कर्ष 2023 च्या जानेवारीत प्रसिद्ध झाले. तिथे ट्रेनिंग घेतलेल्या फार्मासिस्टांनी, डॉक्टरांशी आधी ठरवून, दुकानातच पेशंटना ही गोळी सुरू केली. शंभर जणांनी सुरुवात केली आणि 58 जण स्थिरावले. मग त्यांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. 28 जणांनी दुकानातच येत राहायचं, 30 जणांनी नेहमीसारखं क्लिनिकला जायचं. महिन्याने मोजलं तर दुकानवाल्यांपैकी 25 टिकलेले, क्लिनिकवाल्यांपैकी फक्त 5. प्रयोग लहान आहे, मान्य. पण आमच्या लॅबमध्ये असा फरक आला असता तर सरांनी रीडिंग परत घ्यायला लावली असती! अमेरिकेत दहापैकी जवळजवळ नऊ माणसं औषधाच्या दुकानापासून आठ किलोमीटरच्या आत राहतात, हेही इथे लक्षात घ्या.

फ्रान्सने तर हे आधीच करून ठेवलंय. 1990 च्या दशकाच्या मध्यापासून तिथे साधा फॅमिली डॉक्टर ही गोळी लिहितो आणि दुकानदार देतो. 1995 ते 1999 मध्ये ओव्हरडोसचे मृत्यू 79 टक्क्यांनी घटले. सगळं श्रेय एकट्या गोळीला देता येणार नाही. काहींनी ती कुटून इंजेक्शनने घेतली, काळ्या बाजारात विकली, हेही झालं. ब्रिटनमध्ये त्यावर साधा उपाय आहे. हिरवट मेथॅडोन छोट्या कपात ओतून फार्मासिस्टच्या समोरच प्यायचं.

हे सगळं मी का वाचत बसले? कारण माझ्या मामाचं मेडिकल आहे. बारावीच्या सुट्टीत मी तिथे काउंटरवर बसायचे. गॅरेजमध्ये काम करणारा एक मुलगा रोज संध्याकाळी कोडीनचं सिरप मागायला यायचा. वयाने माझ्याएवढाच असेल. मामा म्हणायचा, "खोकला तर ऐकू येत नाही रे तुझा." तो म्हणायचा, "काका, एकच बाटली द्या ना, उद्यापासून नाही मागणार." हात थरथरत असायचे, नाक गळत असायचं. मामा नाही म्हणायचा. मामाकडे शेड्यूल एच-वनचं वेगळं रजिस्टर आहे. डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, किती दिलं ते सगळं लिहायचं आणि तीन वर्षं जपून ठेवायचं. 2014 पासूनचा नियम. त्या रजिस्टरमुळे मामाला ठामपणे नाही म्हणता येतं.

पण व्यसनोपचाराची ब्युप्रेनॉर्फिनची गोळी मामाला ठेवताच येत नाही. आपल्याकडे ती ठरावीक व्यसनमुक्ती केंद्रांना आणि तशी सोय असलेल्या हॉस्पिटलांनाच पुरवतात. आमच्या गावाहून जवळचं केंद्र एसटीने दीड तास. मामाने त्याच्या वडिलांना बोलावून सगळं समजावलं, आणि मुलगा गेलाही. अकरा दिवस गेला. जाऊन-येऊन अर्धा दिवस जायचा, बाराव्या दिवशी गॅरेजवाल्याने दुसरा पोरगा ठेवला. पुढे तो आमच्या दुकानात आला नाही. सिरप दुसरीकडून मिळत असणार.

2019 च्या सरकारी पाहणीनुसार देशात ओपिऑइडच्या त्रासासाठी मदतीची गरज असलेली माणसं सुमारे 60 लाख आहेत. पंजाबने 2017 पासून ओपीडीसारखी केंद्रं काढून ही गोळी देणं सुरू केलं, ते चांगलंच झालं. पण मेडिकल तर प्रत्येक नाक्यावर आहे, आणि तिथे जाताना कुणी तोंड लपवत नाही. तिथे गेलेला माणूस क्रोसीन घ्यायला गेला की आणखी कशाला, कुणाला कळतंय?

दिवाळीत मामाला ऱ्होड आयलंडचं सांगितलं. आधी तो भडकलाच. "लायसन्स माझं जाईल, तुझ्या त्या अमेरिकेचं नाही. आणि दुकानात चोरी झाली तर? बाकीची गिऱ्हाईकं काय म्हणतील?" सगळ्या शंका खऱ्याच, मला उत्तर देता आलं नाही. जेवताना मात्र तो आपणहून म्हणाला, "परवानगी दिली तर मी करीन गं, पण माझ्या अटीवर. डॉक्टरची चिठ्ठी आठवड्याचीच. रजिस्टर वेगळं. आणि रोज सकाळी नऊला, शटर उघडताना यायचं, माझ्यासमोर जिभेखाली ठेवायची. विरघळायला पाच-दहा मिनिटं लागतात म्हणतेस ना? तेवढ्यात माझी उदबत्ती लावून होते."