पान उलटेपर्यंत

आजोबा पोथी वाचत तेव्हा पान उलटणं हेसुद्धा वाचण्याइतकंच सावकाशीचं काम असे. लाल कापडात बांधलेली सुटी, आडवी पानं. वाचून झालेलं पान दोन्ही हातांनी उचलायचं आणि पलीकडे पालथं घालायचं. आम्ही नातवंडं मात्र वाचनालयाची पुस्तकं बोटाला थुंकी लावून फडाफड उलटायचो आणि आजीची बोलणी खायचो. पुस्तकं तरी कुठे कोरी असत! त्यांचे खालचे कोपरे आधीच्या वाचकांच्या अंगठ्यांनी काळपट, मऊ झालेले.

पुढे लोकलमध्ये एका हाताने कडी धरून वाचायची वेळ आली आणि ई-रीडर घेतला. २००७ च्या पहिल्या किंडलला दोन्ही कडांना बटणं होती. टचवालं २०११ साली आलं, तेही अवरक्त किरणांचं: पडद्यावर किरणांची अदृश्य जाळी, ती कशानेही अडली की पान उलटणार. बोटच हवं असं नाही, पेन्सिलीचं टोकही चालायचं. नंतरच्या पडद्यांना मात्र उघडं बोट लागतं.

माझा या नंतरच्या जातीतला. पावसाळ्यात दाराशी उभं राहावं तर चार थेंब पडतात आणि खुनी कोण ते कळायच्या आत पान पुढे. डाव्या हातात धरला की अंगठा नेमका डाव्या पट्टीवर, म्हणजे मागचं पान. सगळ्यात वैताग म्हणजे टेकवलं, काही हललं नाही, म्हणून पुन्हा टेकवलं, की दोन पानं एकदम.

यात सगळा दोष टचचा नाही. ई-रीडरच्या ई-इंक पडद्यात सूक्ष्म कुप्या असतात आणि त्यांतल्या द्रवात विद्युतभारित काळे-पांढरे कण. विजेची दिशा बदलली की कण वर-खाली सरकतात आणि अक्षरं उमटतात. सरकायला वेळ लागतो, थंडीत जास्तच. मागच्या पानाची पुसट सावली राहते, म्हणून अधूनमधून सगळा पडदा काळापांढरा लुकलुकतो.

उशिराचं मला काही नाही. आजोबांना कुठे घाई होती? पण त्यांचं पान त्यांच्या हातात होतं. इथे टेकवलेलं पोचलं की नाही हेच बोटाला कळत नाही. बटण निदान ‘टक्’ करून पोच देतं. मग पान सावकाश येऊ दे.

बटणांचं किंडल ओएसिस २०२४ मध्ये बाजारातून गेलं. कोबो कंपनीच्या लिब्राला बटणं आहेत. ई-रीडर घेणार असाल तर किती पुस्तकं मावतात ते नंतर विचारा, आधी कडेला बटण आहे का ते बघा.