केबल तोडली त्याची गोष्ट

मंडळी, या वीकेंडला ट्रेक नाही आणि पुस्तकही नाही. या वेळी टीव्ही. हसू नका!

"टीव्ही कोण बघतं हल्ली?" हे वाक्य ऐरोलीच्या आमच्या ऑफिसात दिवसातून एकदा तरी ऐकू येतं. ठीक आहे. पण मी दर शुक्रवारी रात्री हायवेला रामवाडीला उतरतो आणि तिथल्या आमच्या घरात टीव्ही बघणारी दोन जिवंत माणसं आहेत. अप्पांना क्रिकेट आणि बातम्या लागतात. आईला मराठी सिनेमे आणि सह्याद्रीवरचे गाण्यांचे कार्यक्रम. एवढ्यासाठी आम्ही महिन्याला जवळजवळ चारशे रुपये केबलला देत होतो. फेब्रुवारी २०१९ मध्ये ट्रायचे नवे दर लागू झाले, तेव्हा नुसतं कनेक्शन चालू ठेवायचे १३० रुपये अधिक जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे पडायचे. पैसेवाली चॅनेल त्यावर वेगळी. २०२४ मध्ये ती १३० ची मर्यादाही गेली.

पण खरा प्रश्न पैशांचा नव्हताच. आई गणपतीच्या कारखान्यात आखणीला जाते. (पेणबाहेरच्यांसाठी: आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवणं. मूर्ती कितीही सुबक असो, आखणी चुकली की गेलं सगळं.) जूनपासून काम वाढतं, आणि शेवटचे दोन महिने ती रात्री साडेनऊ-दहाच्या आत घरी येत नाही. तिला आवडणारं जे काही लागतं ते तोवर संपलेलं असतं. दिवसभर केसाएवढ्या रेघा ओढून आलेल्या बाईला रात्री दहाला काय बघायला मिळावं? चर्चा. सहा खिडक्यांत सहा माणसं ओरडतायत.

म्हणजे हवा होता रेकॉर्डर. आमच्या केबलच्या बॉक्सवर ती सोय नव्हती. खासगी डीटीएचवाल्यांच्या बॉक्सवर रेकॉर्डिंग होतं, पण ते त्या बॉक्सला बांधलेलं असतं. वर्गणी बंद, खेळ खल्लास.

अमेरिकेत हे फार सोपं आहे. मोठी नेटवर्क्स तिथे हवेतून फुकट येतात, छपरावर अँटेना लावायचा आणि खाली रेकॉर्डर. टिवो १९९९ पासून आहे. आपल्याकडे अँटेना होता की! आमच्या छपरावरचा बांबूला बांधलेला, तोंड वायव्येला, कारण मुंबई दूरदर्शनचा वरळीचा मनोरा तिकडे, सरळ रेषेत चाळीसेक किलोमीटर. वारा आला की अप्पा वर आणि मी खाली खिडकीत, "आलं का?" "नाही!" "आता?" "होतं ते पण गेलं!" तुमच्याकडेही हेच चालायचं, खोटं बोलू नका. २०१६ मध्ये दूरदर्शनने मुंबईसह सोळा शहरांत डिजिटल टेरेस्ट्रियल सुरू केलं खरं, पण त्याचा ट्यूनर असलेला टीव्ही मी आजवर कुणाच्या घरी पाहिलेला नाही. जुने अ‍ॅनालॉग ट्रान्समीटर तर मार्च २०२२ पर्यंत मोजके सोडून बंदच करायचे ठरले.

मग आपल्याकडचं 'हवेतलं फुकट' म्हणजे काय? डीडी फ्री डिश. डिसेंबर २००४ मध्ये हे डीडी डायरेक्ट प्लस नावाने सुरू झालं. डिश आणि बॉक्स एकदा विकत घ्या, मासिक वर्गणी शून्य. आज चार कोटींहून जास्त घरांत आहे असा अंदाज आहे, आणि आमच्या ऑफिसात मात्र निम्म्यांना नावही माहीत नाही. चॅनेलवाले लिलावात बोली लावून जागा घेतात, त्यामुळे यादी बदलत राहते. सह्याद्री कायम. झी मराठी आणि स्टार प्रवाह नाहीत.

इथे मी थांबलो. कारण कारखान्यात दिवसभर ज्या मालिकांवर बोलणं चालतं, त्या नेमक्या याच दोन चॅनेलवरच्या. चारशे रुपये वाचवायला आईला त्या गप्पांतून बाहेर काढायचं? आधी तिलाच विचारलं. ती म्हणाली, "अरे, मालिका मी बघते कुठे? सगळ्याजणी सांगतात ना. बघण्यापेक्षा त्यांचं ऐकायलाच मजा येते." विषय संपला.

अप्पांची बाजू मांडायला कायदाच धावून आला. २००७ च्या कायद्याप्रमाणे भारताच्या वनडे आणि टी-ट्वेंटी सामन्यांचं प्रक्षेपण प्रसार भारतीला द्यावंच लागतं. पण ते प्रसार भारतीच्या स्वतःच्या जाळ्यासाठीच, म्हणजे टेरेस्ट्रियल आणि फ्री डिश, असं सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्ये स्पष्ट केलं. म्हणून केबलवर दूरदर्शन लावलं तर मॅचच्या वेळी भलतंच काहीतरी चालू असतं, आणि फ्री डिशवर मॅच. महिन्याला पैसे मोजणाऱ्याला मॅच नाही आणि न मोजणाऱ्याला आहे! आयपीएल या कायद्यात नाही. अप्पांच्या मते ते क्रिकेटही नाही, त्यामुळे चाललं.

आता कामाचं. उपग्रह जीसॅट-१५, ९३.५ अंश पूर्व. पेणहून म्हणजे आग्नेयेला, क्षितिजापासून साधारण ५८ अंशांवर. गंमत बघा, जुना अँटेना वायव्येला बघायचा, नवी डिश बरोब्बर उलटीकडे. साठ सेंटीमीटरची डिश गच्चीवर बसवली. या वेळी मी वर आणि अप्पा खाली, पण संवाद तोच.

साधा बॉक्सही चालतो, कित्येकांना मागे पेनड्राइव्ह लावून रेकॉर्ड करता येतं. पण इंजिनियर माणूस साधं कधी करत नाही :-) मी यूएसबीचा डीव्हीबी-एस२ ट्यूनर घेतला (घ्यायच्या आधी लिनक्सचा ड्रायव्हर आहे ना ते बघा, कळकळीने सांगतोय), तो रास्पबेरी पायला जोडला, त्यावर टीव्हीहेडएंड, आणि बघायला कोडी. टीव्हीहेडएंड आलेला प्रवाह जसाच्या तसा डिस्कवर लिहितं, पुन्हा एन्कोड करत नाही, त्यामुळे पायला फारसा घाम फुटत नाही. तासाला एक जीबीच्या आसपास जागा जाते. शिवाय एका ट्रान्सपाँडरवर बरीच चॅनेल एकत्र येतात, म्हणजे ती सगळी एकाच ट्यूनरवर एकाच वेळी रेकॉर्ड करता येतात. हे मला फारच आवडलं. कार्यक्रमांचं वेळापत्रक सिग्नलसोबत भरवशाचं येत नाही, म्हणून वेळा हाताने टाकल्या, पुढेमागे दहा मिनिटं सोडून. एचडीएमआय-सीईसीमुळे टीव्हीच्याच रिमोटवर सगळं चालतं. नवा रिमोट आला असता तर आईने हा प्रकार पहिल्याच दिवशी बाद केला असता.

आणि मग जुलै आला. फ्री डिशचा सिग्नल ११ गिगाहर्ट्झच्या आसपास, लांबी जेमतेम पावणेतीन सेंटीमीटर. कोकणातला धो धो पाऊस तो पिऊन टाकतो. म्हणजे ज्या महिन्यांसाठी हा सगळा खटाटोप, त्याच महिन्यांत सकाळी रेकॉर्डिंग उघडावं तर अर्धं चित्र चौकोनी तुकड्यांत. यावर दोन उपाय. एक, पुनःप्रक्षेपण असेल तर तेही लावून ठेवायचं. आपल्याकडे चॅनेलवाले पुनःप्रक्षेपणाच्या बाबतीत भलतेच उदार आहेत, दोन्ही वेळा तेवढाच पाऊस असेल असं नाही. दुसरा, डिश मोठी. साठऐवजी नव्वद सेंटीमीटर म्हणजे क्षेत्रफळ सव्वादोन पट, सुमारे साडेतीन डेसिबलचा फायदा. ढगफुटीत तीही हात टेकेल, पण रोजच्या पावसाला पुरते. ती बसवून तीन आठवडे झाले. वाऱ्याची भीती होती म्हणून चार बोल्ट थेट स्लॅबमध्ये घेतलेत.

परवा रात्री आई सव्वादहाला आली. हातपाय धुतले, ताट घेतलं आणि टीव्हीसमोर बसून स्वतःच रिमोट दाबला. जुना सिनेमा होता, दुपारी रेकॉर्ड झालेला. वीस मिनिटांत भिंतीला टेकून झोपली. अप्पा बंद करायला उठले तर डोळे न उघडता म्हणाली, "राहू दे, उद्या इथूनच पुढे लागेल ना?"

लागतो. आता अप्पांना मॅच चालू असताना दुसऱ्या ट्रान्सपाँडरवरचं काहीतरी रेकॉर्ड करायचंय, त्याला एक ट्यूनर पुरत नाही. दुसरा मागवलाय, पुढच्या शनिवारी लावतो.