दोन दिवसांची मुदत

सातव्या-आठव्या महिन्यातच कळा सुरू झालेली बाई लेबर रूममध्ये आली, की सोबतची माणसं एकच विचारतात, "सिस्टर, कळा थांबतील ना?" बहुतेक थांबतात. पण किती वेळ, ते सांगताना जीभ जड होते.

कळा थांबवायला देतात ती निफेडिपिन मुळात ब्लडप्रेशरची गोळी. गर्भाशयाच्या स्नायूत कॅल्शियम शिरू देत नाही, म्हणून पोट सैल पडतं. तिच्याकडून भरवशाने मिळतात ते ४८ तास. तेवढ्यात डेक्सामेथासोन या स्टिरॉइडचं इंजेक्शन कामाला लागतं: ६ मिलिग्रॅम, दर १२ तासांनी, चार वेळा. बाळाची फुप्फुसं त्याने लवकर तयार होतात. स्टिरॉइडचा हा उपयोग न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हॉवी यांनी १९७२ मध्ये दाखवून दिला. त्याआधी लिगिन्सना तो अकाली जन्मलेल्या कोकरांत दिसला होता. म्हणून इंजेक्शन न देता नुसत्या गोळ्यांवर ठेवलेली बाई रेफर होऊन आली, की माझं डोकं फिरतं. आपल्याकडे २०१४ पासून उपकेंद्रातल्या एएनएमलाही पहिला डोस देऊन पुढे पाठवता येतं.

गोळी दिल्यावर पहिला तास मी खाटेपासून हलत नाही. दर पंधरा मिनिटांनी बीपी. चेहरा तापेल, डोकं ठणकेल, छातीत धडधडेल, हे आधीच सांगून ठेवलं की बाई घाबरत नाही. कळा मोजणारं मशीन असलं तरी तळहात पोटाच्या वरच्या भागावर ठेवून दहा मिनिटं बसायचंच. कळ येते तेव्हा पोट हाताखाली घट्ट होत जातं, आणि बाईने तोंड वाकडं करायच्या आधी ते हाताला कळतं. "आता झोपलीय ती," या नवऱ्याच्या निरोपावर मी नोंद करत नाही.

पूर्वी कळा थांबवायला आयसॉक्सुप्रिनची ड्रिप असे; नाडी १२० च्या वर धावली की बंद. मॅग्नेशियमची ड्रिप पाहून घरचे तेही कळांचंच औषध समजतात. हल्ली ते बाळाच्या मेंदूसाठी देतात. ते चालू असताना श्वास आणि लघवी मोजायची, गुडघ्याचा झटका बघायचा, कॅल्शियम ग्लुकोनेट उशाशी.

ताप असेल, अंगावरून जाणाऱ्या पाण्याला वास असेल, किंवा रक्तस्रावासोबत पोट लाकडासारखं कडक लागत असेल, तर कळा थांबवायच्याच नाहीत. आतल्यापेक्षा बाळ बाहेर बरं.

दोन दिवसांनी घरचे महिनाभराच्या गोळ्या लिहून मागतात. त्यांचा उपयोग नसतो. त्यापेक्षा मिळालेल्या ४८ तासांतच एनआयसीयू असलेलं हॉस्पिटल गाठावं. आणि रेफरच्या चिठ्ठीवर डेक्साचा पहिला डोस किती वाजता दिला ते ठळक लिहावं, म्हणजे तिकडच्या सिस्टरला पुढचा डोस कधी द्यायचा ते विचारत बसावं लागत नाही.